शहाबादी फरशीवरचे महासागर

पंख्याचे बटण मी दाबले होते. वाक्य इतके लहान आहे की ते उच्चारायला अर्धा श्वासही पुरावा. तरीही ते ओठांबाहेर काढण्यात माझ्या नोकरीचा सगळा उत्तरार्ध निघून गेला. त्या बटणामुळे आमच्या शाळेच्या सभागृहात मांडलेले जगातले सगळे महासागर एका दुपारी उधळले गेले, आणि त्याचा दोष आमच्या चित्रकलेच्या सरांवर गेला. मी गप्प राहिलो. बटण दाबणे ही नुसती चूक होती, ती कोणाच्याही हातून झाली असती. गप्प राहणे मात्र मी रोज नव्याने निवडत आलो.

हे महासागर रांगोळीचे होते. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी प्रत्येक शिक्षकाने काहीतरी मांडावे, असे शाळेने सांगितले होते. मी विज्ञान शिकवीत असे. मी सुचवले, की जगातल्या समुद्रांत प्लवक कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ, याचा मोठा नकाशा आपण सभागृहाच्या फरशीवर काढावा. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगत, प्रवाह नेईल तिकडे जाणारे जीव. काही वनस्पती, काही प्राणी, बहुतेक नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. समुद्रातल्या लहान मासळीपासून देवमाशापर्यंत सगळ्यांचा संसार शेवटी त्यांच्याच जिवावर चालतो.

आमच्या शहरात हा विषय काढणे म्हणजे थोडे हास्यास्पदच होते. समुद्र इथून फार दूर. माझे गाव लासूर स्टेशनजवळचे. लहानपणी मोठे पाणी म्हणजे पावसाळ्यात भरून वाहणारी शिवना नदी, एवढीच माझी समज. प्रत्यक्ष समुद्र मी लग्नानंतर पाहिला, आणि त्याआधी कित्येक वर्षे तो वर्गात शिकवीत होतो. पण महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली समुद्राच्या पाण्याचा एक थेंब पाहिला होता. त्यात काचेच्या नक्षीसारखे, खिडक्या-खिडक्यांचे जीव होते. तेव्हापासून ते मनातून गेले नाहीत.

“सर,” चित्रकलेचे सर म्हणाले, “आपल्याकडं नळाला पाणी आठवड्यातनं एकदा येतंय, अन् तुम्ही पॅसिफिक वाटत बसलात.”

पण तयार मात्र तेच सर्वांत आधी झाले. सर माझ्यापेक्षा वयाने मोठे. शहागंजच्या मागच्या गल्लीत राहत. त्यांच्या घराण्यात एके काळी हिमरूच्या नक्षीदार शाली विणायचे माग होते. ते वडिलांच्या काळात थांबले, पण रंगाशेजारी रंग ठेवून डोळे बारीक करून पाहण्याची सवय घरात शिल्लक होती. बोलणे निम्मे मराठी, निम्मे दखनी. गालिचाची रांगोळी, म्हणजे चहाच्या गाळणीतून रंग चाळत मोठी जागा सपाट भरून काढायची रांगोळी, आमच्या शाळेतल्या मुलींना त्यांनीच शिकवलेली. दिवाळीत त्या मुलींच्या दारापुढून जाताना ते सायकल थांबवून गुण देत.

खडूने चौकोन आखून त्यांनी खंडे उतरवली. मग नववीच्या मुली गाळण्या घेऊन बसल्या, आणि पहिल्याच तासात त्यांनी सगळा गडद हिरवा रंग विषुववृत्तावर ओतला.

“अगं, थांबा,” मी म्हणालो. “तिथं नाही.”

“का बरं सर? ऊन लई, पाणी लई. पीक तिथंच येणार ना?”

शेतकऱ्याच्या मुलीचा प्रश्न होता आणि तो चूक म्हणता येत नव्हता. मी सांगितले, की उष्ण प्रदेशातला तो निळाशार, आरपार दिसणारा समुद्र देखणा असतो, पण तो मुरमाड माळ आहे. तिथे ऊन आहे, खत नाही. समुद्राचे खत तळाकडे साचते. जिथे वारा वरचे पाणी बाजूला सारतो आणि खालचे गार पाणी वर येते, तिथे जणू खोल नांगरट होते. मग प्लवकांचे पीक येते. पेरूच्या किनाऱ्याला, आफ्रिकेच्या पश्चिमेला, आणि पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्याच अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला. दोन्ही ध्रुवांकडच्या समुद्रांतही उन्हाळा लागला की शिवार हिरवे होते.

सर गाळणी हातात धरून ऐकत होते. “म्हणजे निळं ते उजाड?”

“बहुतेक करून.”

“अन् हिरवं, गढूळ, ते आबादान?”

“हो.”

“मग जिंदगीभर आम्ही समुंदर उलटाच रंगवला की, मियाँ,” ते म्हणाले, आणि मुलींना विषुववृत्त झाडून काढायला लावले.

प्राणी-प्लवकांसाठी आम्ही राजगिरा पसरला. ही कल्पना माझी, आणि ती किती वाईट होती हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. मुंग्यांची एक रांग हिंद महासागरातून निघून आफ्रिकेला वळसा घालून शिस्तीत अटलांटिककडे चालली होती, आणि प्रत्येकीच्या तोंडात एकेक प्लवक होता. सर गुडघ्यांवर बसून ती रांग कौतुकाने पाहत राहिले. “सर, तुमच्या पुस्तकात प्लवकं कोण खातं म्हणलं? मासे ना? लिहून घ्या, नवीन शोध लागलाय.”

रांगोळीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद होत्या. पंखे तर बंदच. बटणांच्या बोर्डावर मी लाल शाईने लिहून कागद चिकटवला होता: ‘पंखे लावू नयेत.’ प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला त्याबद्दल समज दिली होती. अटलांटिकजवळ शिंकली म्हणून एका मुलीला मी बाहेर काढले होते. हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे माझे तोंड का उघडले नाही, हे त्यातून कळावे.

ती भारनियमनाची वर्षे होती. प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी वीज गेली. मुली डबा खायला गेल्या होत्या. सर रंगाच्या पिशव्या ठेवायला चित्रकलेच्या खोलीत गेले होते. मी एकटा दक्षिण ध्रुवाभोवतीचा हिरवा पट्टा नीट करीत होतो. सभागृह भट्टीसारखे तापलेले. ट्यूब विझल्या तसा मी उठलो आणि बोर्डापाशी गेलो.

वीज गेली की आमच्याकडचा माणूस सर्वांत आधी हेच करतो. दोन-चार बटणे खालीवर करून पाहतो. वीज सगळ्यांची गेली की आपलीच, याची ती खातरजमा. तिचे उत्तर बटणांतून कधीच मिळत नाही, आणि बटणे कोणत्या बाजूला राहिली हेही ध्यानात राहत नाही. मी स्वतःला आजवर सांगत आलो, की ट्यूबची समजून मी ती बटणे दाबली. ते अर्धेच खरे आहे. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि बोट सवयीने तिन्ही पंख्यांच्या एकाच बटणाकडे गेले. कागद माझ्या हाताच्या अगदी वर होता. मी तो वाचला नाही. आपणच लिहिलेली सूचना आपल्यासाठी आहे, असे कोणाला वाटते?

मग मी चहाला गेलो. सरांनी येऊन सभागृहाला कुलूप लावले आणि तेही चहाला आले. आम्ही दोघे भज्यांची एक प्लेट वाटून खात होतो, तेवढ्यात कँटीनमधला रेडिओ आपोआप वाजू लागला. वीज आली होती. आम्ही दोघांनीही समाधानाने मान हलवली.

दार उघडले तेव्हा तिन्ही पंखे पूर्ण वेगात फिरत होते. दक्षिण ध्रुव ऑस्ट्रेलियावर चढला होता. पेरूचे सगळे पीक ब्राझीलच्या जंगलात जाऊन पडले होते. राजगिरा भिंतीच्या कडेकडेने ओळीने बसला होता. आणि हवेत एक बारीक हिरवट धुके तरंगत होते, जे पुढे आठवडाभर आम्ही सगळे शिंकरत राहिलो.

सर धावत जाऊन पंखे बंद करून आले. मग म्हणाले, “सर, तुमची प्लवकं खरंच वाहून गेली.”

मुली हसू लागल्या. हसणे ऐकून मुख्याध्यापिका बाई आल्या, आणि हसणे थांबले.

“शेवटी आत कोण होतं?”

“मीच होतो मॅडम,” सर म्हणाले. “कुलूप मीच लावलं.”

“आणि पंखा पाहिला नाहीत?”

“लाइट नव्हती मॅडम. पण हाँ, बटणं बघायला पायजे होती. वीज गेल्यावर मीबी इथं बटणं दाबली असतील, आता याद नाही. माझीच गलती.”

त्या वेळी मी बोर्डाशेजारी उभा होतो. पांढऱ्या बटणावर हिरव्या अंगठ्याचा ठसा होता. सरांचे हात सकाळपासून निळ्या रंगात होते. हिरवा माझ्याकडे होता. सगळे फरशीकडे पाहत असताना मी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसले, आणि जाता जाता बटणही पुसले. घाबरून अवाक झालो, असे मला म्हणता येत नाही. घाबरलेल्या माणसाला रुमाल सुचत नाही.

पाहुणे अधिकारी यायला फार वेळ नव्हता. सरांनी बाह्या वर केल्या. “चला गं पोरींनो, आधी जमीन वाचवा, पाणी नंतर.” खंडे झाडून साफ केली, किनारे पुन्हा ओढले. पण समुद्रांत एकमेकांत मिसळलेले हिरवे, पोपटी, निळे रंग वेगळे करणे अशक्य होते. सरांनी त्यांना तसेच ठेवून फक्त कडा मऊ केल्या. सगळीकडे भोवरे, लाटा, ओढलेल्या रेषा.

अधिकारी आले, नकाशाभोवती एक फेरी मारून थांबले आणि म्हणाले, “वा! प्रवाह फार सुंदर दाखवलेत. प्लवक वाहतात कसे, ते यातून कळतं.”

मी खाकरलो आणि प्रवाहांवर बोलू लागलो. चांगला बोललो. मागे उभे असलेले सर माझ्या कानाशी कुजबुजले, “बोला सर, बोला. पंखाबी सायंटिस्ट निघाला.”

कौतुक माझे झाले. बाईंनी सभागृहाची किल्ली सरांकडून घेऊन माझ्याकडे दिली. शिक्षकांच्या बैठकीत त्या सहज म्हणाल्या, की सर कलावंत आहेत, विसरणारच. जबाबदारीची कामे त्यांना नकोत. त्यावर सर सर्वांबरोबर हसले. मीही हसलो.

पुढच्या वर्षांत सरांना एक सवय लागली. खोलीतून निघताना ते बटणांवरून हात फिरवीत. थोडे पुढे जाऊन परत येत. पुन्हा हात फिरवीत. मुलांनी त्यांना ‘पंखा सर’ नाव ठेवले आणि ते नाव त्यांच्या घरापर्यंत पोचले. ईदला मी शीरखुर्मा प्यायला गेलो, की त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, सरांच्या तक्रारी माझ्यापुढे मांडत. “भाईसाब, तुम्हीच समजवा यांना. अजिंठ्याला लग्नाला जायचं होतं. स्टँडवरनं परत आले, पंखा बघायला. बस गेली. अन् घरी येऊन बघतेत तर काय, मोहल्ल्यातली लाइटच नाही!”

“नव्हती ना,” सर म्हणत, “म्हणून तर बघायचं! आल्यावर काय बघणार?”

या गोष्टीला मी नेहमी मोठ्याने हसत असे. शीरखुर्म्याची दुसरी वाटी घेत असे. आमची मैत्री खरी होती, म्हणूनच तिच्यातला तो खोटा तुकडा मला अधिक टोचत असे, आणि मैत्री जितकी जुनी होत गेली तितके सांगणे अवघड होत गेले. पहिल्या दिवशी सांगितले असते तर ती नुसती चूक ठरली असती. वर्षभराने ती लबाडी झाली. त्यानंतर तिला काय म्हणावे हे ठरवण्यातच मी वेळ काढत राहिलो. सरांनी शाळेत रांगोळी मात्र पुन्हा घातली नाही. मुलींना रंग सांगत. स्वतः फरशीवर बसत नसत. तसेच ते निवृत्त झाले.

यंदा माझी निवृत्ती जवळ आली. नववीच्या मुलींनी कुठूनतरी जुन्या नकाशाची गोष्ट ऐकली होती. त्यांना तो पुन्हा करायचा होता, या वेळी बदललेल्या समुद्रांचा. मी सरांकडे गेलो.

“नको सर,” ते म्हणाले. “हात चालतेत अजून. पण माझा मलाच भरवसा नाही. पोरींची मेहनत वाया जायची.”

मी वाद घातला नाही. सोबत आणलेले नवे नकाशे पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ डोळे बारीक करून पाहिले.

“हा हिरवा वर सरकला की काय?”

“सरकलाय. समुद्र तापत चाललेत. गार पाण्यातले प्लवक ध्रुवांकडे निघालेत, आणि त्यांच्या जागी उष्ण पाण्यातले येतायत.”

“स्थलांतर म्हणा.”

“तसंच. आणि वरचं पाणी तापलं की ते हलकं होतं, झाकणासारखं वर बसून राहतं. खालचं खत वर येत नाही. म्हणून हा निळा माळ पसरत चाललाय.”

“अन् आपल्या अरबी समुद्रात हे काय?”

“हिवाळ्यात आता तिथं एक वेगळाच हिरवा जीव दाट होतो. अंधारात पाणी ढवळलं की निळा चमकतो. दिसायला सुंदर, पण मासळीच्या फारसा कामाचा नाही.”

सरांनी चष्मा काढला. “म्हणजे आपला तो नकाशा चुकला होता?”

“तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे बरोबर होता. त्यानंतर समुद्रच बदलले.”

“घ्या! अन् आपण उगाच पंख्याच्या नावानं रडत होतो.” ते खदखदून हसले. भाभीही हसल्या. मला बोलायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, “मग येता ना?”

ते आले. जुन्या सभागृहात, त्याच शहाबादी फरशीवर, गुडघ्याखाली उशी घेऊन बसले. पहिली गाळणी हलली, आणि मग त्यांचा हात थांबला नाही. निळ्याच्या अंगात हिरवा कसा विरवायचा, ते मुलींना दाखवताना ते मधूनच गुणगुणत होते. उत्तर अटलांटिकमध्ये त्यांनी एक हिरवा पट्टा असा वर नेला, की तो खरोखर चालू लागल्यासारखा दिसला. एवढे प्रसन्न मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

दुपारी मुली डबे घेऊन व्हरांड्यात गेल्या. सर आले नाहीत. मी आत पाहिले, तर ते बोर्डाला पाठ लावून स्टुलावर बसले होते. बटणे त्यांच्या पाठीमागे पूर्ण झाकली गेली होती. भाभींनी दिलेला डबा मांडीवर ठेवून ते तिथेच जेवत होते. उकाड्याने त्यांचा सदरा भिजला होता.

दोन-तीन मुली माझ्यामागून डोकावल्या. “सर, इथं का बसलात? बाहेर वारा आहे. आता लाइट बी जात नाही पहिल्यासारखी.”

“बसू दे, बेटा. चौकीदारी चाललीय.” त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. “मागं एकदा माझ्या हातून जगातले सगळे समुद्र वाया गेले होते.”

“तुमच्या हातून? पंखा तुम्ही लावला होता?”

“मीच की. तुमच्या या सरांनी लाल शाईनं एवढं मोठं लिहून ठेवलं होतं, तरी लावला. विसराळू माणूस! तुम्ही असं करू नका. जाताना बटणं बघत जा.”

मुली हसल्या, आणि त्यांतली एक, सगळ्यांत लहान चणीची, गंभीरपणे मान डोलवत म्हणाली, “व्हय सर. बघत जाऊ.”

ते मान डोलावणे मला सोसवले नाही. माझा खोटेपणा आजवर एकाच माणसाच्या अंगावर होता. आता तो माझ्यादेखत एक धडा म्हणून दुसऱ्या पिढीच्या हाती दिला जात होता, आणि देणारा तो प्रेमाने देत होता. मी रांगोळीच्या कडेने, किनारा सांभाळत, त्यांच्यापर्यंत गेलो.

“सर, घास खाली ठेवा जरा.”

“काय झालं? अटलांटिकवर पाय दिला की काय?”

“नाही. मुलींनो, तुम्हीही इकडे या. तुमच्यासमोरच सांगायला हवं, कारण तेव्हाही ते सगळ्यांसमोरच झालं होतं.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. “सर, तो पंखा तुम्ही लावला नव्हता. मी लावला होता. वीज गेल्यावर मी एकटा आत होतो. बटणावर माझ्या अंगठ्याचा हिरवा रंग लागला होता, तो मी रुमालानं पुसला. तुम्ही बाईंपुढे ‘माझीच गलती’ म्हणालात, तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा होतो आणि मला सगळं ठाऊक होतं. तुम्ही विसराळू नाही. कधीच नव्हता. इतकी वर्षं रस्त्यातून परत फिरून तुम्ही जे पंखे बघत आलात, ते माझे होते. माझं चुकलं, सर. मला माफ करा.”